नेरेइदाची थाप

मिग्दालियाने राजम्यात आणखी भांडंभर पाणी ओतलं. आज चार माणसं जास्त होती.

उतुआदोच्या डोंगरावरून वादळ जाऊन तेवीस दिवस झाले होते. वीज नव्हती. खालचा पूल नदीने नेला होता. छप्पर शाबूत होतं ते एकट्या मिग्दालियाच्या घराचं, त्यामुळे साऱ्या वस्तीची दुपारची चूल तिच्याच अंगणात पेटायची. जेवणं आटोपत आली की तिचे वडील, म्हातारे बासिलियो, सुरू व्हायचे.

"माझ्या लहानपणीच्या वादळात आजीचं घर उडालं. आजीसकट! केळीच्या बागेत उतरलं, तर म्हातारी आत कॉफी गाळतेय. थेंब सांडला नाही."

"काल सांडला होता, बाबा."

"काल दुसरी आजी होती."

लोक खो खो हसले. नेरेइदा तेवढी मान खाली घालून बसली होती. तिचा नवरा एफ्राइन वादळात शेजाऱ्याची गाय सोडवायला गेला, तो नदीतून परतलाच नाही. तेव्हापासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

भांडी घासताना मिग्दालिया वडिलांवर चिडली.

"तिच्यासमोर तरी थापा मारू नका. बाईचा नवरा गेलाय, आणि तुमचे विनोद चाललेत!"

"मला दुसरं येतं काय, पोरी?" म्हातारा पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी बासिलियोंनी एकही थाप मारली नाही. ताटल्या रिकाम्या झाल्या, तरी कुणी उठेना.

"बासिलियोकाका, बरं नाही का?"

आवाज नेरेइदाचा होता. बसलेला, खरखरीत. म्हाताऱ्याने चोरून लेकीकडे पाहिलं.

"मग मी सांगते," नेरेइदा म्हणाली. "एफ्राइन मला मागणी घालायला आला ना, तो खेचरावर बसून. खेचर थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. माझ्या बाबांनी विचारलं, दोघांतला नवरदेव कोणता?"

आधी कुणाला हसायचा धीर होईना. मग नेरेइदाच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"मग?" बासिलियोंनी हळूच विचारलं.

तिने मनगटाने डोळे पुसले. "मग काय! आईने आधी खेचराला पाणी दिलं."

मागणीच्या त्या दिवशी मिग्दालिया तिथेच होती. एफ्राइन पायी आला होता, नवे बूट चावत होते म्हणून लंगडत. खेचर त्याने उभ्या जन्मात पाळलं नव्हतं.

ती नेरेइदाला खेटून बसली.

"आणि त्या खेचराने काय काय खाल्लं, तेही सांग की," ती म्हणाली.