निरोगी घरांचा रकाना

सकाळी साडेआठ वाजता संशोधक बाई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. माणूस कसल्या घरात राहतो आणि त्यापायी कसा आजारी पडतो, हा त्यांचा सतरा वर्षांचा विषय. दमट भिंती आणि कोंदट खोल्या यांवर बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार होई, पण बाई थांबत नसत. शहरातल्या घरांचे त्यांनी तीन रकाने केले होते: मोठी घरे, मधली घरे आणि वस्तीतली घरे. वस्तीच्या रकान्यात क्षयाचे रुग्ण ढिगाने होते. मोठ्या घरांच्या रकान्यात जवळजवळ कुणीच नव्हते.

स्वयंपाकघरामागच्या कोठीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. तिथे मावशी राहत. घरात पोर जन्मली त्या वर्षी त्या कामाला आल्या आणि नऊ वर्षे तिथेच राहिल्या. कोठीला खिडकी नव्हती. फळीवर प्रवासाच्या बॅगा, कोपऱ्यात जुना पंखा आणि रद्दी, आणि मागच्या भिंतीला न्हाणीघराची ओल. बाईंनी लोकांच्या हजारो खोल्या टेप लावून मोजून घेतल्या होत्या, ही एक कधी मोजली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बाईंना पाठ होती. ती आपल्यालाही लागू होईल असे मात्र त्यांच्या कधी मनात आले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. मावशींना तपासणारे डॉक्टर बोलत होते. ते नवऱ्याचे मित्र, म्हणून थेट बाईंशीच बोलले. मावशींना क्षय होता. औषध सहा महिने, एक दिवसही चुकवायचे नाही; पहिल्या महिन्याच्या गोळ्या लगेच पाठवतो. उद्याच त्यांना दवाखान्यात पाठवा, नाव नोंदवायचे आहे आणि त्यांना नीट समजावून सांगायचे आहे. जवळच्या सगळ्यांची तपासणी करा.

बाईंनी फोन ठेवला. पहिला विचार लेकीचा आला, आणि त्यात गैर काही नाही. दुसरा विचार शेजाऱ्यांचा आला.

बाईंनी घरात सांगितले तेव्हा तो सासूबाईंनी बोलून दाखवला. "इमारतीत कळलं ना, तर लिफ्टमध्ये आपल्याबरोबर कुणी उभं राहायचं नाही. तिला बहिणीकडे पाठव."

"पण आई, औषध..."

"गोळ्या दे की बरोबर! तिला हाकलून थोडीच देतोय? वरच्या मजल्यावरच्यांनी नाही का त्यांच्या बाईला पाठवलं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हटले, "आई म्हणते ते बरोबर आहे. तिलाही विश्रांती मिळेल."

त्या इमारतीत ही रीतच पडून गेली होती. घरात राहणारी कामवाली आजारी पडली की तिला विश्रांतीला पाठवायचे. कुणी आवाज चढवत नसे. महिन्याचा पगार, एखादी चांगली चादर आणि चार गोड शब्द द्यायचे. आठवड्याभरात नवी बाई येई. सगळे इतके सभ्यपणे होई की त्यात काही पाप आहे असे वाटायला जागाच उरत नसे.

गोळ्या आल्या तशा बाई कोठीच्या दारात गेल्या. मावशी चटकन उठून उभ्या राहिल्या.

"मावशी, छातीत कफ साचलाय तुमच्या. थोडे दिवस बहिणीकडे आराम करा. या गोळ्या महिनाभर घ्यायच्या."

"काही मोठं नाही ना, ताई?"

सतरा वर्षे ज्या रोगावर लिहिले, त्याचे नाव बाईंच्या ओठावर आले नाही. "छे हो," त्या म्हणाल्या.

"मग जाते. पोरीला दूध गार करून द्या. गरम दिलं की टाकून देते." मावशींनी पिशवी भरायला घेतली. नऊ वर्षांचा संसार, एका पिशवीत मावला.

त्याच दुपारी बाईंनी घरातल्या चौघांची तपासणी करून घेतली. चौघेही ठणठणीत निघाले. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सुटकेचा निःश्वास टाकला. मावशींच्या बहिणीच्या घरी कोणकोण आहे, हे विचारायचे कुणाच्या मनातही आले नाही.

पुढच्या महिन्याच्या गोळ्या पाठवायच्या, असे बाईंनी दोनदा ठरवले. मग अहवालाची घाई झाली, नवी बाई आली, आणि राहून गेले.

चार महिन्यांनी कचेरीत पेन्सिलकाका समोर येऊन उभे राहिले. काका पाहणीतले सगळ्यांत जुने कार्यकर्ते. फॉर्म पेनने भरत आणि फॉर्ममध्ये न मावणारे समासात पेन्सिलीने लिहीत, म्हणून हे नाव.

"मॅडम, एक शंका आहे. वस्तीत मला अशा पाच बाया सापडल्या. पाचही जणींना क्षय. पण त्या तिथे राहायला येऊन चारसहा महिनेच झालेत. त्याआधी वर्षानुवर्षं मोठ्या घरांत कामाला होत्या, तिथेच झोपत होत्या. तर यांचा आजार कुठल्या रकान्यात घालू?"

"सध्याचा पत्ता धरायचा, काका. नियमावलीत आहे."

"आहे हो. तुम्हीच लिहिलीय. पण आजार तिथला आणि पत्ता इथला, हे काही मनाला पटत नाही." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "हा वाचा."

समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'आधीची खोली बिनखिडकीची. मागे न्हाणीघर, भिंतीला ओल. फळीवर घरच्यांच्या बॅगा. आजाराचं नाव मी सांगितल्यावर कळलं, तोवर कफच समजत होती. गोळ्या महिनाभर घेतल्या, बरं वाटलं, संपल्या. म्हणते, ताई फार चांगल्या होत्या. बहिणीची मुलगी, वय तीन, पंधरा दिवस इस्पितळात. रोग मेंदूपर्यंत गेला.'

बाईंनी ते दोनदा वाचले. काकांना काही ठाऊक नव्हते, ते चष्मा पुसत उभे होते. तरी बाईंना त्यांच्याकडे बघवेना. औषध अर्धवट सुटले की काय होते, यावर बाईंनी अख्खे प्रकरण लिहिले होते.

"पत्ता द्या," त्या म्हणाल्या.

बहिणीचे घर एका खोलीचे. बहीण इस्पितळात होती. मावशी दारातच भिंतीला टेकून बसल्या होत्या, गालफडे बसलेली, तोंडाला पदर. बाईंना पाहताच त्या उठायला लागल्या.

"बसा हो मावशी, उठू नका."

"ताई, आत नका येऊ. आपली पोर बरी आहे ना? तिला माझ्यामुळे काही झालं नाही ना?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्याची त्यांना आणखीच लाज वाटली. ज्यांनी रडायचे त्या रडत नव्हत्या.

"बरी आहे. तिची तपासणी... आम्ही त्याच दिवशी केली होती."

मावशी भिंतीचा टेका सोडून ताठ बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याच दिवशी? म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

बाईंची मान खाली गेली.

"मी बहिणीच्या पोरीला चार महिने कुशीत घेऊन झोपवलं, ताई. माझ्या ताटातलं भरवलं."

"माझं चुकलं, मावशी. चला घरी. चांगली खोली देते, औषध मी स्वतः देईन, मुलीचा खर्च..."

"मुलीसाठी जे करायचं ते करा. तिला गरज आहे, मी नाही म्हणणार नाही." मावशींना खोकला आला. तो थांबेपर्यंत बाई नुसत्या उभ्या राहिल्या. "पण घरी नाही यायची. नऊ वर्षं तुमच्या पोरीचा ताप मी रात्रभर बसून मोजला. तुम्ही मला माझा आजार सांगितला नाही. आता तुम्ही पाणी दिलंत तरी त्यात काय आहे असं विचारावंसं वाटेल. काकांनी दवाखान्यात नाव घातलंय माझं. तिथे मला सगळं सांगतात."

चौथ्या दिवशी बहिणीची मुलगी गेली.

त्याच आठवड्यात अहवाल मांडायची सभा होती. पहिल्या रांगेत अधिकारी, मागे प्राध्यापक, डॉक्टर आणि पत्रकार. पडद्यावर तीन रकाने झळकले. संस्थेचे प्रमुख उठून म्हणाले, "बघा, मोठी घरं जवळजवळ निरोगी! घर चांगलं असलं की माणूस चांगला राहतो, याहून मोठा पुरावा कोणता?" टाळ्या पडल्या.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. हातातले भाषण त्यांनी उलटे ठेवले.

"हा पहिला रकाना खोटा आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या घरांत रोग आहे. आम्ही त्याचा पत्ता बदलतो. मी बदलला. माझ्या घरातल्या बाईला क्षय झाला. मी तिला रोगाचं नाव न सांगता बहिणीकडे पाठवलं. ती दोन नंबरची ओळ बघा, वस्तीतली बालकं. त्यात या आठवड्यात त्या बाईच्या बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलीची भर पडली. तिचा आजार माझ्या घरचा आहे, म्हणून ती मी पहिल्या रकान्यात घेते."

प्रमुख कुजबुजले, "मॅडम, एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"खरं आहे, सर. मला एकाच घराचा पत्ता ठाऊक आहे." बाईंनी समोरच्या रांगांकडे पाहिले. "बाकीचे पत्ते इथे बसलेल्यांनी सांगायचे आहेत. मी लिहून घ्यायला थांबते."

आणि त्या कोरा कागद घेऊन थांबल्या.