ओढ्याकाठचं ग्राउंड

उकंडरावांनी आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण हट्टा गावच्या टीमवर त्यांचा जेवढा जीव होता, तेवढा टीममधल्या अकरा जणांचा मिळूनही नसेल. मॅच वसमतला असो की आखाडा बाळापूरला, डोक्याला रुमाल गुंडाळून हा माणूस सगळ्यांच्या आधी हजर. शिवाय ओढ्याकाठची आपली दीड एकराची पट्टी त्यांनी आठ वर्षांपासून टीमला खेळायला सोडून दिली होती. लोक वेड्यात काढत. उकंडराव म्हणत, "हळद समदेच पिकवतेत. टीम पिकवणारा मी एकटाच हाय."

तर त्या रविवारी वसमतच्या स्पर्धेत ही पिकवलेली टीम पहिल्याच मॅचला पाच-शून्यनं हरली.

हरणं काही नवं नव्हतं. पण हे हरणं निराळंच होतं. पोरांचे पाय उचलत नव्हते. कॅप्टन भागवत म्हणजे एरवी समोरच्यांच्या तोंडाला फेस आणणारा गडी, तो हाफटाइमच्या आधीच कमरेवर हात ठेवून उभा. आणि गोलकीपर वैजनाथ! तिसऱ्या गोलाच्या वेळी बॉल सरळ त्याच्या हातात आला आणि हातातून निसटून मागं जाळीत गेला. उकंडराव लाइनीवरून ओरडले, "हाताला लोणी लावून आला का रे लेका?" अख्खं ग्राउंड हसलं. वैजनाथ मान खाली घालून बॉल आणायला गेला.

मॅच संपली तेव्हा उकंडरावांनी डोक्यात राख घालून घेतली होती. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "आठ वर्षं रान पडीक ठिवलं ते हे बघायला? उद्या सकाळी नांगर घालतो. खेळा मग ढेकळात!"

पोरांनी बूट-मोजे पिशवीत भरले.

घरी शकुबाईंच्या कानावर ही बातमी नवऱ्याच्या आधी पोचली होती. त्या पट्टीत हळद लावा म्हणून आठ वर्षं त्यांनी नवऱ्याचे कान किटवले होते. भाकरी वाढता वाढता त्या शांतपणे म्हणाल्या, "आता बोललात तर घाला बराबर. उद्या म्हनाल, राहू दे."

"मी कधी शब्द फिरवला का?"

"तेच म्हनते मी."

झालं, परतीची वाट बंद. खरं सांगायचं तर सकाळी ट्रॅक्टरला नांगर जोडताना उकंडरावांचा हात चालत नव्हता. कुणीतरी यावं, पाया पडावं, 'काका, असं करू नका' म्हणावं, म्हणजे दोन शिव्या हासडून माघारी फिरता येईल, एवढीच त्यांची मनातली इच्छा होती.

पट्टीवर पोचले तर पोरं आधीच आलेली. पण पाया पडायला नाही. भागवत आणि आणखी चौघं पहार लावून गोलाचे लोखंडी खांब उपटत होते.

"काय करून राहिले रे?"

"खांब काढून घेऊन राहिलो, काका," भागवत म्हणाला. "नांगरात अडकतेल तुमच्या."

त्याच्या बोलण्यात रुसवा नव्हता की टोमणा नव्हता. त्यांनी राग काढायला दुसरं माणूस शोधलं. वैजनाथ कडेला नुसता बसून होता.

"तू काहून बसला? हात लाव की खांबाला."

वैजनाथ उठला. पहारीला हात घातला आणि चटकन सोडला. उकंडराव खाली उतरून जवळ गेले. त्यांनी त्याचा हात धरून उलटा केला. तळहातावर फोड येऊन फुटलेले, खालचं कातडं लालभडक.

"हे कधी झालं?"

"शुक्रवारी," वैजनाथ म्हणाला. "तुमच्या हळदीला."

शुक्रवारी त्यांच्या हळदीचा नंबर होता. हळद शिजवायचा कुकर गावात शेतोशेत फिरतो. ज्याचा नंबर त्यानं त्याच दिवशी शिजवून घ्यायची. नंबर गेला की आठवडाभर थांबा, तोवर ढीग तापून हळद खराब. या दिवसांत मजूर मिळत नाहीत. म्हणून रान दिल्याची जाण ठेवून टीमनं वर्षातला एक दिवस काकांच्या हळदीवर राबायचं, हा रिवाज पोरांनीच पाडलेला. उकंडरावांनी निरोप धाडला, अकराच्या अकरा जण आले. परवा मॅच आहे, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. दिवसभर पोरांनी वाफाळती हळद उपसली, ताडपत्र्यांवर पसरली; तरी थोडी उरलीच, तिला पुढच्या शनिवारचा नंबर मिळाला. कुकरच्या एका ड्रमचं तापलेलं झाकण अडकलं, ते वैजनाथनं हातानं ओढून काढलं. त्या वेळी उकंडराव कुठं होते? बांधावर. वसमतवाल्यांचा बचाव कसा फोडायचा, हे भागवतला समजावून सांगत होते.

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी खेळू दिलं नसतं. दुसरा कीपर हाय कुठं आपल्याकडं?"

उकंडराव बांधावर बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांचे पाय, पोरांचे हात, सगळं आपणच शुक्रवारी वापरून संपवलं आणि रविवारी भर ग्राउंडात त्यांनाच लोण्याचं विचारलं.

"चुकलं रे पोराहो," ते म्हणाले. "माझं चुकलं."

पोरं गडबडून गेली. भागवतनं घाईनं विषय बदलला. "ते जाऊ द्या काका. तुमची उरलेली हळद शनिवारी हाय न? आमी समदे येतो."

"अन् रविवारी बाळापूरची मॅच?"

"तीबी खेळू."

उकंडरावांनी खिशातून मोबाइल काढला आणि कुकरवाल्याला फोन लावला. "माझा शनिवारचा नंबर दुसऱ्याला दे. मला शेवटी घाल." पलीकडचा माणूस काकुळतीनं सांगत होता, दहा-बारा दिवस लागतील, ढीग तापेल, रंग जाईल. "जाऊ दे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी येऊन त्यांनी शकुबाईंना सगळं सांगितलं. वैजनाथच्या हाताचं सांगितलं. न नांगरलेल्या रानाचं, दिलेल्या नंबराचं सांगून ते बोलणी खायला तयार होऊन उभे राहिले. शकुबाईंनी पदर खोचला.

"मंग ढीग मोडून सावलीत पसरावा लागंल. चला."

दोघं नवरा-बायको दुपार टळली तरी टोपल्या वाहत होती. उन्हं कलल्यावर भागवत आणि पोरं तिकडून चालली होती. त्यांनी पाहिलं आणि टोपल्यांकडं वळली.

"खबरदार!" उकंडराव गरजले. "टोपल्याला कुनी हात लावायचा न्हाई. पाय राखा, हात राखा. जा तिकडं!"

पोरं ओढ्याकाठच्या ग्राउंडाकडं गेली. उकंडरावांनी कमरेवर हात दाबला आणि पुढची टोपली भरायला वाकले.