बाकांवरची वयं

माझा नवरा गाव पारखतो ते तिथल्या मेलेल्या माणसांवरून. गाडीतून उतरला की तो थेट किनाऱ्यावरच्या बाकांकडे जातो. आमच्या इंग्लंडात समुद्राकाठच्या जवळजवळ प्रत्येक बाकावर कुणाची तरी पितळी पाटी असते: नाव, जन्म अमुक साली, मृत्यू तमुक साली, यांचं या जागेवर फार प्रेम होतं. लोक तिला पाठ टेकून आइस्क्रीम खातात. रॉडनी वही काढून वजाबाकी करतो.

"एक्क्याण्णव," तो म्हणतो. "त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. हवा चांगली दिसते गं, हिलरी."

एखादा पासष्टचा निघाला की त्याचं तोंड उतरतं. असे तीन ओळीने निघाले की आम्ही गाव सोडतो.

ओमानमध्ये आम्ही एकतीस वर्षं काढली. रॉडनी समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी कंपनीच्या बंगल्यात होते. सोफा कंपनीचा, पडदे कंपनीचे, आणि भिंतीत खिळा मारायचा नाही हा नियमही कंपनीचाच. आईने लग्नात दिलेला, भिंतीवर टांगायचा हवामानाचा बॅरोमीटर मी टॉवेलात गुंडाळून नेला आणि त्याच टॉवेलात परत आणला. मस्कतला त्याला काही काम नव्हतं म्हणा. तिथे आज ऊन आणि उद्याही ऊन. पण अडुसष्टाव्या वर्षी तरी बाईला स्वतःच्या भिंतीत एक खिळा मारता यावा, एवढंच माझं मागणं होतं.

परत आल्यावर दोन वर्षांत नऊ गावं झाली. सगळीकडे भाड्याचे फ्लॅट, आणि सगळीकडे दारामागे तीच सूचना: खिळे मारू नयेत. एका गावात चढ फार होता, दुसऱ्यात जमीन इतकी सपाट की रॉडनीला पुराची शंका आली. एकात तरुण मंडळी जास्त, तर एकात म्हातारे जास्त, आणि हे सांगणारा स्वतः एकाहत्तर वर्षांचा. तिकडे ओमानमध्ये हाच माणूस दर पार्टीत इंग्लंडच्या पावसासाठी उसासे टाकायचा. इथे चार थेंब पडले की म्हणायचा, "मस्कतला आत्ता काय सुंदर हवा असेल!" जूनमध्ये! चव्वेचाळीस डिग्रीत!

दहावं गाव सॉल्टकोम. बावीस बाक, सरासरी अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार. रॉडनीने आकडा दोनदा तपासला आणि म्हणाला, "इथे घर बघायला हरकत नाही." मी मनातल्या मनात हातोडी उचलली.

ओळीच्या टोकाला नगरपालिकेचा एक साठीचा माणूस शेवटच्या बाकाला हिरवा रंग देत होता. त्याचं नाव मर्विन. रॉडनी त्याच्याजवळ जाऊन कौतुकाने म्हणाला, "तुमच्या गावात माणसं जगतात हो!"

"आमच्या?" मर्विनने पाट्यांकडे पाहिलं. "ही आमची नव्हेत साहेब. ही बर्मिंगहॅमची, वॉल्सॉलची. वर्षातून एक आठवडा यायची, भिजायची, सर्दी घेऊन परत जायची. मेल्यावर पोरं पाटी लावतात, म्हणे फार प्रेम होतं. गाववाले कशाला इथे बसतील? वारा बघा केवढा आहे!"

"मग गाववाले बसतात कुठे?" रॉडनीचा आवाज बारीक झाला होता.

"घरी. आम्ही बस डेपोच्या मागे राहतो, प्लम्ब स्ट्रीटला. समुद्र दिसत नाही, म्हणून वारापण लागत नाही. आमच्या शेजारचं घर विकायला आहे खरं, पण तुम्हाला ते चालायचं नाही. तुम्हा लोकांना पाणी दिसायला हवं."

"आणि तिथली माणसं... साधारण किती जगतात?"

"मरेपर्यंत," मर्विन म्हणाला आणि त्याने ब्रश डब्यात बुडवला.

इतक्यात पाऊस आला. आयुष्य कोलमडलं की आमच्या देशात जे करतात ते आम्ही केलं. गाडीत बसलो, काचा वर केल्या, तोंड समुद्राकडे केलं आणि थर्मासमधला चहा ओतला. डावी-उजवीकडे तशाच गाड्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक जोडपं गप्प बसून अंड्याचं सँडविच खात होतं.

"सगळी वही फुकट गेली," रॉडनी म्हणाला. "आता दुसरी पद्धत शोधावी लागणार."

"दुसरी पद्धत काढ तू, मी इथूनच चालत मस्कतला जाते. दोन वर्षं दुसऱ्यांच्या चमच्यांनी जेवतेय मी, रॉडनी. तुला मुळात घर नकोच आहे. एकदा कबूल करून टाक."

त्याने बाहीने काच पुसली. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं.

"कारखान्यातला बेसिल परत आला, बंगला घेतला," तो म्हणाला. "अकरा महिने. केन सात महिने. डग्लसचे तर पडदेही लावून झाले नव्हते. सामान लावलं की माणूस जातो, हिलरी. खोकी बांधलेली असतात तोवर काही होत नाही."

या तिघांच्या निरोपाचे केक मी माझ्या हाताने भाजले होते, पण ही बेरीज मी कधी केली नव्हती. दोन वर्षं मी ज्याला चोखंदळपणा म्हणून हसत होते ती भीती होती. मला माझी लाज वाटली. रागही आला, कारण भीती त्याची होती आणि खोकी माझी.

"चल, प्लम्ब स्ट्रीट बघू," मी म्हणाले. "तिथे एकही बाक नसणार, एकही पाटी नसणार. म्हणजे तुझ्या पद्धतीने तिथे आजवर कुणी मेलेलंच नाही."

"याला काही अर्थ आहे का?"

"अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चारला होता?"

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला आणि अंडं स्वेटरवर सांडलं.

घर घेतलं. मागच्या अंगणातून डेपोची भिंत दिसते आणि सकाळी सहाला पहिली बस खोकत बाहेर पडते. पण रॉडनीने अट घातली की वर्षभर एकही खोकं उघडायचं नाही. स्वतःच्या घरात आम्ही दोन ताटल्या आणि किनाऱ्यावर नेतात तसल्या दोन कापडी घडीच्या खुर्च्या एवढ्यावर राहू लागलो. भिंत माझी, आणि खिळा मारायची सोय नाही! एकदा मर्विनने कुंपणावरून विचारलं, "सामान यायचंय का अजून?"

"सामान आलंय," मी म्हटलं, "माणूस यायचाय."

सात महिने पूर्ण झाले त्या दिवशी रॉडनी ओव्हरकोट घालून सकाळपासून अंगणात बसला. हातातला चहा गार झाला तरी त्याने तोंडाला लावला नाही. आजचा आकडा केनचा होता हे दोघांनाही ठाऊक होतं. मी आत गेले आणि कात्रीने खोक्याची दोरी कापली. बॅरोमीटर वरच होता, टॉवेलात. तो बाजूला ठेवला. तेहतीस वर्षं थांबला होता, आणखी पाच मिनिटं थांबला असता. हातोडी घेतली आणि किल्ल्या बनवणाऱ्याकडून आठवड्यापूर्वी करून आणलेली वस्तू पदराआड लपवावी तशी एप्रनखाली धरली.

रॉडनीच्या डोक्यामागे भिंतीत मी माझा पहिला खिळा मारला. ती वस्तू त्यावर टांगली. मर्विन आवाजाने बाहेर आला आणि पाहून परत आत गेला.

रॉडनीने मागे वळून चष्मा लावला. पितळी पाटीवर लिहिलं होतं: रॉडनी पास्को, जन्म १९५३. यांना या जागेतलं काहीही पसंत नव्हतं.

त्याने सालापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे जागा सोडली आहेस."

"ती अठ्ठ्याऐंशीच्या आत भरायची नाही. सरासरी बिघडेल."

त्याने पाटी जरा हलवून पाहिली. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. "खिळा वाकडा गेलाय."

"काढू का?"

"नको. राहू दे." त्याने गार चहा एका घोटात संपवला आणि उठला. "पुढचा तरी सरळ मार. मी खालून धरतो."

बॅरोमीटर आम्ही दिवाणखान्यात लावला. बाहेर एव्हाना धो धो पाऊस कोसळत होता आणि काटा 'स्वच्छ ऊन' दाखवत होता. रॉडनीने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"बिघडलाय," तो म्हणाला.

"एकतीस वर्षं परदेशात होता रे," मी म्हणाले. "रुळायला वेळ लागेल त्याला."