अक्काच्या कुंपणाखालची केबल

सकाळी साडेआठला दोन शहरांमधली फोन-इंटरनेटची लाइन गेली. कुठे तुटलंय ते मशीनने सांगितलं, एकतीस किलोमीटर चारशे मीटर. तुटलेल्या केबली जोडणाऱ्या जॉइंटवाल्याला नकाशा बघायची गरज नव्हती. तिथे त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यानेच ही केबल तिच्या कुंपणाला खेटून पुरली होती. दाजी हौसेने फावडं घेऊन चरात उतरले होते. "मेहुण्याचं काम आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. अक्काने विचारलं, "आमच्या घरात कधी येणार?" तो बोलून गेला, "वर्षाच्या आत." शाळेच्या भिंतीवर जोडणीची एक पेटी बसली, तिचे फोटो निघाले. मग गावाचं नाव यादीतून कुठे गळलं ते कुणाला कळलंच नाही. पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी गत. फोन करायचा तर पाऊण तास टेकडी चढायची आणि वर जाऊन हात उंच करून रेंज शोधायची. दर भेटीत अक्का तेच विचारायची आणि तो विषय बदलायचा. पुढे पुढे त्याने जाणंच कमी केलं.

दोन महिन्यांपूर्वी दाजींच्या छातीत कळ आली. अक्का फोन घेऊन टेकडीवर धावली. अँब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगून, हायसं वाटून ती खाली आली, तर दाजी गेले होते. शेवटी जवळ कुणीच नव्हतं.

आज ती कुंपणाशी पालथ्या घमेल्यावर बसली होती. चर उकरलेला होता, केबल मधोमध तुटलेली, शेजारी कुऱ्हाड.

"मीच तोडली," त्याने विचारायच्या आत ती म्हणाली.

त्याने कुऱ्हाड उचलून बाजूला ठेवली. "अक्का, अगं हे काय केलंस?"

"बघायचं होतं आत काय आहे. एवढी लाखभर माणसं इथून बोलतात म्हणायचास. माझ्या उंबऱ्याखालून बोलतात आणि मला टेकडी चढायला लागते." तिने पदराने हात पुसले. "आत काहीच नाही रे धाकल्या. केस आहेत नुसते, काचेचे."

फोन इथे लागत नव्हता, म्हणून साहेबांच्या शिव्या तरी पोचत नव्हत्या. त्याने ताडपत्री अंथरली, मशीन काढलं. मध्ये नवा तुकडा घालायचा म्हणजे दोन टोकांना चोवीस-चोवीस जोड. निळा तंतू निळ्याला, नारिंगी नारिंगीला. वारा सुटला होता आणि धुळीचा एक कण आला तरी जोड फुकट जातो. अक्का न सांगता उठली, घरातून चादर आणली आणि वाऱ्याच्या बाजूने धरून उभी राहिली. चार तास उभी होती. एक हात भरून आला की दुसऱ्याने धरायची, पण बसली नाही.

"झाली का चालू?" शेवटी तिने विचारलं.

"झाली."

"बोलत असतील आता लोक?"

"हो."

"बोलू देत," ती म्हणाली आणि चादर झटकायला लागली.

रिपोर्टात त्याने लिहिलं, 'घुशींनी कुरतडली.' पण सोबत फोटो लावावा लागायचा. साहेबांनी तो मोठा करून पाहिला.

"घुशी कुऱ्हाड कधीपासून वापरायला लागल्या?" ते म्हणाले. "तांब्याच्या आशेने कुणीतरी तोडली आहे. पोलिसांत तक्रार देतो."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण रिपोर्टावर सही त्याची होती, आणि खरं नाव घ्यायचं तर ते बहिणीचं. तो मशीन उचलून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गावाबाहेर पत्र्याच्या खोपीत राहणाऱ्या भंगारवाल्याला उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अक्काच्या कानावर आलं तशी ती पायी चौकीवर गेली आणि कुऱ्हाड टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. "आजी, घरी जा," पोलीस म्हणाले. "नवरा गेल्याचं दुःख आहे, समजतं आम्हाला."

तिथून ती एसटीने थेट भावाच्या दारात आली. आत आली नाही, पाणीही घेतलं नाही.

"तू चल आणि सांग. तुझं ऐकतील ते."

"माझी नोकरी जाईल, अक्का. आणि तुला आत टाकतील."

"टाकू देत. त्या माणसाने काय केलंय?"

"उद्या बघतो," तो म्हणाला.

उद्याचा परवा झाला. चौथ्या दिवशी मनाचा हिय्या करून तो चौकीवर गेला, तर भंगारवाल्याला आदल्या संध्याकाळीच सोडलं होतं. त्याच्याकडे तांबंही सापडलं नाही आणि कुऱ्हाडही. सुटला तेव्हा त्याच्या एका हाताची बोटं मिटत नव्हती म्हणे. त्याच रात्री तो गाडा ढकलत निघून गेला. कुठे, ते कुणी विचारलं नाही.

साहेबांनी त्या पट्ट्यावर काँक्रीट घातलं आणि महिन्यातून एकदा पाहणी लावून दिली. ती अर्थात जॉइंटवाल्याच्याच वाट्याला आली. तो रस्त्याच्या वळणावर दिसला की अक्का हातातलं काम टाकून आत जायची आणि दार लोटून घ्यायची. कडी लावल्याचा आवाज त्याला कधी आला नाही. तो काँक्रीटचा फोटो काढायचा, वहीत 'ठीक' लिहायचा आणि केबलच्या पुढच्या खुणेकडे निघायचा.