वहिनी, उठलो, कामाला लागू का?

लोकांना झाडांना पाणी घालायची आठवण करून देणारी ती कंपनी काढली होती धाकट्या दिरानं आणि चालवत होती वहिनी. म्हणजे दीर भाषणं द्यायचा आणि वहिनी टेबलाखालचा कॉम्प्युटर सांभाळायची. अख्खी कंपनी त्या एका खोक्यात राहायची. एकदा ते बंद पडून पुन्हा सुरू झालं, तेव्हा अर्धवट झोपेत असल्यासारखं त्यानं सगळ्या ग्राहकांना निवडुंगाला तासातासाला पाणी घालायला सांगितलं. तेव्हापासून वहिनीचा नियम होता. सुरू झालं की खोक्यानं आधी तिला फोन करायचा आणि तिनं एक आकड्याचं बटण दाबलं तरच कामाला लागायचं. फोनवर आवाज दिराचाच भरला होता. "वहिनी, उठलो. कामाला लागू का?"

चार वर्षं वहिनी लग्नकार्यात, न्हाणीघरात आणि तोंडात कापूस घेऊन दातांच्या खुर्चीतसुद्धा एक दाबत आली. खुर्ची नवऱ्याचीच, तो दातांचा डॉक्टर. शेवटी तो रुसला.

"एक आठवडा समुद्रावर जायचं," तो म्हणाला, "आणि लॅपटॉप घरी."

वहिनीला स्वतःलाही एकच गोष्ट हवी होती. एक दुपार सलग झोप.

म्हणून कंपनी क्लाउडवर न्यायचं ठरलं. प्रोग्राम कंटेनरमध्ये भरायचा आणि ते कंटेनर, म्हणजे ऑफिसच्या भाषेत डबे, एका मोठ्या कंपनीला सांभाळायला द्यायचे. डबा बंद पडला की ती आपोआप नवा उघडणार, गर्दी वाढली की आणखी उघडणार. वहिनीनं मान मोडून सगळं हलवलं. दिराला तर खेळणंच मिळालं. तो मुद्दाम डबे बंद पाडायचा आणि नवा उगवला की टाळ्या पिटायचा. वैतागून वहिनीनं सगळ्यांचे पासवर्ड काढून घेतले. आता कंपनीला हात लावता येत होता तो फक्त तिच्या लॅपटॉपवरून.

तो तिनं सासूबाईंकडे दिला. "आई, आम्ही येईपर्यंत कुणालाही देऊ नका. मी रडून मागितला तरी नाही."

"बरं," म्हणत सासूबाईंनी तो कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

पण त्याआधी, बॅग भरता भरता, वहिनीनं जुन्या खोक्यातला फोनचा नियमही उचलून नव्या डब्यांत टाकला होता. निव्वळ सवयीनं.

समुद्रावर पहिल्याच दिवशी उन्हं तापली. उन्हं तापली की लोकांना झाडं आठवतात. गर्दी वाढली, डबे वाढले, आणि जन्माला येणारा प्रत्येक डबा वहिनीला फोन करू लागला. "वहिनी, उठलो. कामाला लागू का?" एक दाबावा तर पुढचा हजर. न दाबावा तर क्लाउडवाले त्या डब्याला मेला समजून नवा उघडायचे, आणि तो उघडल्या उघडल्या फोन करायचा. फोन बंद ठेवावा तर कंपनी ठप्प.

कशीबशी फट काढून तिनं दिराला लॅपटॉप आणायला पिटाळलं. सासूबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मग वहिनीनं स्वतः फोन लावला.

"आई, द्या तो लॅपटॉप. मीच सांगतेय."

"तूच म्हणाली होतीस, तू मागितलास तरी द्यायचा नाही."

"आई, मला खरंच रडू येतंय."

"तेही सांगून ठेवलं होतंस गं," सासूबाई मायेनं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वहिनी वाळूत बसून खरोखर रडली. नवरा बराच वेळ बघत होता. मग त्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"वहिनी, उठलो. कामाला लागू का?"

"लाग बाबा, लाग," धाकट्या भावाच्या आवाजाला तो म्हणाला आणि एक दाबला. "लहानपणी कधी हाक मारल्याशिवाय उठला नाहीस."

वहिनी हसता हसता आडवी झाली. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. नवरा तसाच बसला होता, अंगठा चोळत.

"चार वर्षं तू हे करत होतीस?"

"इतकं नव्हतं रे. पण हो."

"मला वाटायचं, तू उगाच फोन घेऊन बसतेस."

फोन वाजला. सवयीनं तिचा हात पुढे गेला. त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "झोप तू. मी उठवतो त्याला."