एकविसावा तारा

थर्झाला पुरून महिना झाला, तरी तिचा आवाज डॉर्कसच्या कानातून जाईना. आवाज तरी कसला, नुसतं एक अक्षर: "एफ." रोज भर सकाळी, वेधशाळेच्या खिडकीशी, चारचौघींत.

अकरा वर्षं दोघी बहिणींनी जोडीनं काम केलं. फोटोच्या काचेवर ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे असत. थर्झा भिंगातून त्यांतल्या काळ्या रेघा बघून ताऱ्याच्या वर्गाचं अक्षर पुकारायची: एफ, जी, के. डॉर्कसनं ते मोठ्यानं परत म्हणायचं, वहीत लिहायचं, मगच पुढचा तारा. असा नेमच होता.

आज देखरेखीच्या मिस पेल्टननी वही पुढ्यात आपटली. "तुझ्या बहिणीची शेवटची काच. साठ ताऱ्यांत तिसाच्या वर चुका! डोळे गेले होते तिचे. ताऱ्यांच्या छापील यादीवर तिचं नाव नको."

लेकरू ना बाळ, थर्झाचं जगात उरणार होतं ते तेवढं नावच.

"मला बघू द्या," म्हणत डॉर्कसनं ती काच उजेडाला लावून भिंग उचललं.

विसापर्यंत सगळं बरोबर. एकविसावा तारा वहीत के, काचेवर एफ. बाविसावा वहीत जी, काचेवर के. तेविसावा काचेवर जी. अगं बाई! एफ गळला होता आणि पुढचं प्रत्येक अक्षर एकेक घर वर सरकलं होतं. शेवटचं घर रिकामं राहिलं, तेव्हा "म्हातारी एक विसरली" म्हणून डॉर्कसनंच तिथं प्रश्नचिन्ह ठोकलं होतं.

तिला तो दिवस आठवला.

"एका ताऱ्याला किती वेळ? डोळे फुटलेत का तुझे?"

"तू लिही गं मुकाट्यानं!"

मग काय, डॉर्कस फुगली. दौतीत टाक खुपसत बसली. थर्झा काहीतरी पुकारून थांबली होती, पण "परत सांग" म्हणेल ती डॉर्कस कसली! त्यानंतर दिवसभर तिनं एकही अक्षर परत म्हटलं नाही.

ती उठून मिस पेल्टनपुढे उभी राहिली. "चूक वाचणारीची नाही, लिहिणारीची आहे. माझी."

"नोकरी जाईल, कळतंय ना?"

"जाऊ दे. तिचं नाव ठेवा."

मिस पेल्टननी स्वतः भिंग लावून पाहिलं, आणि थर्झाचं नाव राहिलं, डॉर्कसची नोकरी गेली.

डॉर्कस आपली टोपी घ्यायला खिडकीशी आली. "एफ," आवाज आला.

"एफ," डॉर्कस मोठ्यानं म्हणाली. बायकांनी वळून पाहिलं.

आणि तिनं टाक उचलून पुढच्या अक्षराची वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. काहीच आलं नाही, तेव्हा ती हुंदके देत म्हणाली, "थर्झा, पुकार ना गं. लिहिते मी."