धुक्याच्या भरवशावर

मी एक गुंजन पक्षीण, म्हणजे हमिंगबर्डची मादी, आहे. अँडीज पर्वताच्या माथ्यावर, ढगांना टेकलेल्या गवताळ माळावर राहते. मित्रांनो, पिसांची दाढी आणि शेंडी आमच्या नरांना; घरटे, अंडी, पिल्ले हे सारे माझ्या एकटीचे. ‘किती गोड’ म्हणत जवळ येऊ नका. माझा तुमच्यावर विश्वास नाही.

ओढ्याच्या दरडीत मी घरटे बांधले. आत फ्राइलेहोनच्या पानांवरची लोकर अंथरली. या झाडाची वाळलेली पाने गळत नाहीत. खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात, थंडीत त्याला ऊब देतात. त्याच्याच पिवळ्या फुलांवर आम्ही जगतो. घरट्यात दोन पिल्ले होती.

खाली आन्सेल्मो राहतो, गाईवाला. कोरड्या दिवसांत तो माळाला आग लावतो, म्हणजे गाईंना कोवळे गवत मिळते. दुपारी दरीतून धुके चढते आणि आग विझवते. त्याचा बापही हेच करायचा.

त्या सकाळी त्याची मुलगी बेत्साबे, तान्हे पाठीला बांधून, त्याच्यामागे वर आली.

“बाबा, वारा कोरडा आहे. आज धुकं नाही यायचं.”

“तुला सांगून गेलं वाटतं?”

“थट्टा नको. वर पाखरांची घरटी आहेत.”

“पाखरांना पंख असतात. जातील उडून.”

पंख मला होते. पिल्लांना कुठे होते?

त्याने काडी लावली. धुके आले नाही. झाडांचे घागरे एकामागून एक पेटत दरडीकडे सरकले. मी घरट्यावर बसले, धुराने उडाले, पुन्हा येऊन बसले. बेत्साबेने तान्हे ओढ्यापलीकडे खडकाच्या आडोशाला ठेवले, घोंगडी पाण्यात बुडवली आणि आगीवर आपटू लागली.

“बघत काय बसलात? तुमचं धुकं येईस्तोवर गोठाही जाईल.”

मग आन्सेल्मोनेही घोंगडी भिजवली. दरडीच्या अलीकडे आग थांबली.

घरटे वाचले. फुले सगळी जळाली. मकरंदासाठी मी पलीकडच्या कड्यापर्यंत जाऊ लागले आणि परतेपर्यंत पिल्ले गारठू लागली. एका पहाटे धाकटे हललेच नाही. मोठे तेवढे पुढे पंख फुटून उडाले.

गवत छान आलंय, असे आन्सेल्मो सांगत फिरतो. आले आहे खरे. फ्राइलेहोन मात्र वर्षाला बोटभरसुद्धा वाढत नाही.

मित्रांनो, माझी चित्रे काढू नका. कुणी माळाला काडी लावायला निघाले, तर त्याचा हात धरा. नुसते बघत उभे राहिलात, तर मी तुम्हालाही त्याच्याच माणसांत मोजेन.